आवाज कुणाचा?

एक सोप्पा प्रश्न. आज सकाळी डोळे उघडल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत तुमच्या कानावर कोणकोणते आवाज पडले? सगळे नकोत, फक्त दहा सांगा. अलार्म, मोबाइलची रिंग, लोकलची अनाउन्समेंट, रिक्षाचा हॉर्न... चार झाले. पुढे? बहुतेकांची गाडी इथेच अडते. मी लंच टाइमला आमच्या टेबलावरच्या आठ जणांना विचारलं. सगळ्यात हुशार निघाली ती एचआरची मुलगी. ती सहापर्यंत पोचली. आणि तिचे सहाही आवाज वैताग देणारे होते!

म्हणजे बघा, आपण राहतो मुंबईत. इथे चोवीस तास काही ना काही वाजत असतं. तरी दहा आवाज आठवत नाहीत, आणि जे आठवतात ते त्रासाचे. मग बाकीचे गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. कानांनी ते घेतले, मेंदूने बाजूला ठेवले. त्याचं कामच आहे ते. जो आवाज रोज येतो आणि ज्याच्यापासून धोका नाही, तो मेंदू दुर्लक्षाच्या खात्यात टाकून देतो. नाहीतर दिवसभर आपण पंख्याची घरघरच ऐकत बसलो असतो. फक्त एक गोची आहे. या खात्यात नुसता पंखा जात नाही, माणसंही जातात.

माझ्या हे लक्षात आलं ते आमच्या बाबांच्या एका वहीमुळे.

'कोण आलंय?'

आमचे बाबा बँकेतून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं मुलुंड ते व्हीटी, त्यातली निम्मी दारात उभं राहून. २०२० साली मास्क आले आणि बाबांना ऐकू येणं एकदम कमी झालं. निदान आम्हाला तसं वाटलं. खरं तर ते कितीतरी वर्षं हळूहळू कमी होत होतं, पण बाबा समोरच्याचे ओठ बघून भागवून घेत होते. आपण असं करतोय हे त्यांनाही माहीत नव्हतं. मास्कने ओठ झाकले आणि बिंग फुटलं.

आई म्हणायची, "अहो, फोन आलाय." बाबा दाराकडे बघून विचारायचे, "कोण आलंय?" टीव्हीचा आवाज इतका की खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमची सीरियल फुकटात ऐकायला मिळायची. कानांची टेस्ट करू या म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "मला ऐकू येतं. तुम्ही लोक पुटपुटता."

यातली गंमत अशी की बाबा अर्धे बरोबर होते. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि चांगले दणकट असतात. पण स, श, फ, थ, ख हे नाजूक आणि वरच्या पट्टीतले. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. 'फोन'मधला फ गळला की उरतो तो 'ओन', आणि मग मेंदू आपल्या मनाने त्याला 'कोण' करून टाकतो. ओरडून बोललं तर नुसते स्वरच आणखी मोठे होतात, फ काही परत येत नाही. घरोघरी आजी-आजोबांशी ओरडून बोलण्याचे जे प्रयोग चालतात, ते म्हणूनच फ्लॉप होतात.

आणि हळूहळू अशा माणसाचं बोलणंही कमी होतं. आमच्याकडे तेच चाललं होतं. पाहुणे आले की बाबा पेपर घेऊन आत जायचे. चौघांत हशा झाला की अर्धा सेकंद उशिरा हसायचे. फोनवर मामाशी तासभर गप्पा मारणारा माणूस "हिच्याशी बोल" म्हणून फोन आईच्या हातात द्यायला लागला. आम्हाला वाटायचं, वय झालं, स्वभाव बदलला. स्वभाव होता तिथेच होता. नुसते स आणि फ गेले होते.

रेघा मारलेली वही

दोन वर्षांपूर्वी बाबा शेवटी तयार झाले. टेस्ट झाली, ऑडिओग्रामचा कागद हातात आला. त्यावरची रेघ डावीकडून निघून उजवीकडे घाट उतरावा तशी खाली आलेली. मग कानाचं मशीन आलं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. आता आनंदाने डोळे वगैरे भरून येणार! बाबा म्हणाले, "केवढा गोंधळ आहे हा!" पेपर उलटला की कुरडया तळल्यासारखा आवाज, सिंकमधलं पाणी म्हणजे धबधबा, आणि आईच्या सपातांबद्दल तर काही बोलायलाच नको. संध्याकाळी मशीन डबीत, डबी कपाटात.

मुलुंडमधल्या ज्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मशीन बसवलं, त्यांना हे अपेक्षितच होतं. त्या म्हणाल्या, काका, इतकी वर्षं हे आवाज मेंदूपर्यंत पोचतच नव्हते. आता एकदम सगळे आले, त्याला निवड करता येईना. त्याला सवय व्हायला काही आठवडे द्या. आणि त्यांनी होमवर्क दिला. रोज थोडा जास्त वेळ मशीन घालायचं, आणि जे आवाज ऐकू येतील ते वहीत लिहायचे. नाव दिलं की आवाज ओळखीचा होतो आणि त्रास देत नाही.

बँकेचा माणूस! साधी यादी करेल तर शपथ. बाबांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. अनुक्रमांक. वेळ. आवाज. कुणाचा. शेरा.

त्यातला चौथा रकाना बाईंनी सांगितलेला नव्हता. पण व्यवहार म्हटला की खातेदाराचं नाव हवंच, या सवयीने बाबांनी तो घातला. आणि सगळी जादू त्या रकान्याने केली.

पहिल्या आठवड्याच्या पानावरच्या या काही नोंदी, बाबांच्या परवानगीने:

"१. सकाळी ५.५०. खाली पाण्याची मोटर सुरू. कुणाचा: वॉचमन. शेरा: म्हणजे टाकी भरायला हा रोज या वेळी उठतो."

"२. ६.१०. दाराच्या कडीला पिशवी अडकवल्याची खसखस. कुणाचा: दूधवाला. शेरा: बेल वाजवत नाही. झोपमोड नको म्हणून असेल."

"४. ६.४०. लिफ्टमधली बाई 'दरवाजा बंद करा' म्हणत बसली आहे. कुणाचा: चौथ्या मजल्यावरचा मुलगा. शेरा: क्लासला उशीर झालेला दिसतो."

"६. ७.०५. चिमणी. बहुतेक दोन. शेरा: या इतके दिवस होत्याच का?"

"९. ७.३०. पोळपाटाशी बांगड्या. कुणाचा: ही." आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं.

थँक यू न म्हणता

हल्ली ग्रॅटिट्यूड जर्नलचं फॅड आहे. कुणी वाढदिवसाला गुळगुळीत कागदाची डायरी देतं, कुणी मोबाइलवर ॲप टाकतं. यामागे थोडंफार शास्त्रही आहे. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग गाजला. त्यांनी कॉलेजच्या मुलांचे गट केले. एकाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने कटकटी लिहायच्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. पहिल्या गटातली मुलं स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त खूश निघाली, त्यांच्या तब्येतीच्या तक्रारी कमी होत्या आणि व्यायामही ती जास्त करत होती.

सॉलिड! मीही लगेच डायरी सुरू केली होती. पहिल्या दिवशी लिहिलं: आईबाबा, नोकरी, तब्येत. दुसऱ्या दिवशी: आईबाबा, तब्येत, नोकरी. तिसऱ्या दिवशी काय लिहायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांना हे चांगलंच माहीत असेल. मोठ्या मोठ्या शब्दांचे आभार मानता मानता आभारच गुळगुळीत होतात.

बाबांच्या वहीत 'आभार' किंवा 'धन्यवाद' असा शब्द शोधून सापडणार नाही. पण दूधवाला बेल का वाजवत नाही हे दहा वर्षांत आमच्या घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी डोक्यात आलं. 'कुणाचा?' असं विचारलं की आवाजाला चेहरा येतो, आणि चेहरा आला की पुढचं आपोआप होतं. मुद्दाम थँक यू म्हणावं लागत नाही.

'आवाज कुणाचा?' हा प्रश्न तसा आपल्याला नवा नाही. एकांकिका स्पर्धांना घसा फोडून आपण तो विचारलाय, मोर्चात आणि सभेत ऐकलाय. पण तिथे उत्तर आपलंच असतं. आमचा! बाबांच्या वहीत उत्तर दर वेळी दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

मुलुंड ते चकाला, चौथा रकाना घेऊन

मग एका सोमवारी मी ठरवलं, आपणही करून बघू. मुलुंड ते घाटकोपर लोकल, घाटकोपर ते चकाला मेट्रो. कानात काहीही घालायचं नाही. म्हटलं, मरणाचं बोअर होणार.

पहिला धक्का मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवरच बसला. तिथे एका ठरावीक जागी सारखं 'पिं पिं पिं' वाजत असतं. मध्य आणि पश्चिम, दोन्ही लाइनींवर तुम्हीही कुठे ना कुठे हजारदा ऐकलं असेल. मला वाटायचं, कुठलं तरी यंत्र बिघडलंय. कुणाचा म्हणून चौकशी केली तेव्हा कळलं की दिव्यांगांचा डबा त्या जागी थांबतो. ज्यांना दिसत नाही त्या प्रवाशांना गर्दीतून तिथे पोचता यावं म्हणून तो आवाज आहे. आपल्याला कटकट वाटणारी ती पिंपिं कुणाच्या तरी ऑफिसला जाण्याचा रस्ता आहे. गंमत म्हणजे इथे रकान्याचं नावच बदलावं लागलं. कुणाचा नाही, कुणासाठी.

गाडीत चढले. मोटरमनच्या केबिनला लागून असलेल्या डब्यात बसलात तर स्टेशन सोडताना दोन घंटा ऐकू येतात, टिंग टिंग. सगळ्यात मागच्या केबिनमधला गार्ड सगळ्यात पुढच्या मोटरमनला सांगतो, चढले सगळे, निघा. (२०२२ पासून गार्डना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण घंटा तीच आहे.) प्रत्येक स्टेशनला दोन घंटा. म्हणजे आपण दारात लोंबकळणाऱ्याला "अंदर चलो" म्हणत असतो, तेव्हा एक माणूस अख्ख्या गाडीकडे बघत उभा असतो. पस्तीस वर्षं ये-जा केलेल्या बाबांनी सांगितलं, "आम्ही पत्ते खेळायचो, पण घंटेकडे कान असायचा."

बाबांच्या लोकलचा आवाजही वेगळा होता. स्टेशनात थांबली की डब्याखाली कॉम्प्रेसर धडधडायचा, पायांना कळायचा. त्या गाड्या १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालायच्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासूनची ती पद्धत. २००७ पासून नवीन गाड्या येऊ लागल्या, विजेचा दाब टप्प्याटप्प्याने बदलत गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर लाइनवर शेवटची डीसी लोकल धावली. ९१ वर्षांचा एक आवाज शहरातून गेला. आता गाडी सुटताना खालून चढत्या पट्टीतली शीळ येते, कुणी गाणं म्हणायच्या आधी सूर लावावा तशी. आज जी मुलं शाळेत आहेत त्यांना पुढे कधीतरी हाच आवाज आठवेल.

घाटकोपरला उतरलं की पूल. लोकलमधून मेट्रोकडे वाहणारी गर्दी. या पुलाला मी आजवर फक्त शिव्या घातल्यात. त्या दिवशी ऐकलं तर सगळ्यात मोठा आवाज बोलण्याचा नव्हताच. पायांचा होता. चपला, सँडल, बूट, शेकडो पाय एका तालात जिना चढतायत. बोलत कुणी नाही, सगळे झोपेतले, पण चालतायत. कुणाचा? आपल्या सगळ्यांचा.

मेट्रोची ही पहिली लाइन वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ८ जून २०१४ ला सुरू झाली. डब्याची दारं बंद होतात आणि बाहेरचा साकी नाका एकदम म्यूट. तेव्हा आतले आवाज पुढे येतात. माझ्या शेजारची एक मुलगी हलक्या आवाजात फोनवर कुणाला तरी औषधाची वेळ समजावत होती. "पांढरी गोळी जेवणाआधी. नाही गं, पांढरी." चार स्टेशनं ती तेच सांगत होती, एकदाही न चिडता.

आर. मरे शेफर नावाच्या कॅनडाच्या संगीतकाराने १९७७ मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक गावाला जसं एक दृश्य असतं, तसं एक आवाजाचं चित्रही असतं. तो लोकांना नुसतं ऐकत चालायला पाठवायचा. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. त्यासाठी आपल्याला कॅनडाला जायची गरज नाही. मासिक पास पुरे!

म्हणजे हॉर्नलाही थँक यू?

थांबा, थांबा. तुम्ही म्हणाल, ही बाई आता डीजेचे आणि हॉर्नचेही आभार मानायला सांगणार. अजिबात नाही.

आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे याहून ५ डेसिबल कमी. आता जरा एस. व्ही. रोडला संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा आणि सांगा.

२०२० च्या जानेवारीअखेरीस मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी एक भन्नाट व्हिडिओ टाकला होता. सिग्नलला डेसिबल मीटर जोडलेला. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न वाजवाल तितकं थांबाल! अख्खी मुंबई हसली, कारण प्रत्येकाला आपल्या मागचा हॉर्नवाला आठवला.

मग दूधवाल्याची पिशवी आणि बायकरचा हॉर्न यांत फरक काय? मला वाटतं, फरक नुसता मोठ्या-लहानाचा नाही. पहिला आवाज कुणाचं तरी काम करताना होतो. दुसरा बाकी सगळ्यांचे आवाज बुडवतो. भिंती हादरवणाऱ्या स्पीकरखाली वॉचमनची काठी ऐकू येत नाही, आजारी माणसाची हाक ऐकू येत नाही, स्वतःच्या पोराचं रडणंही नाही. ज्याला छोटे आवाज आवडायला लागतात, तो मोठ्या आवाजाबद्दल तक्रार करायला कचरत नाही, उलट जास्त जोरात करतो. आमचे बाबा सध्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंडपातल्या स्पीकरबद्दल उभं राहून बोलतात. आधी ते मीटिंगला जायचेच नाहीत, कारण तिथलं काही ऐकू यायचं नाही.

आवाज गेला की

आणि नुसती शांतताही नको असते आपल्याला. आठवतो ना २०२० चा मार्च? २२ तारखेला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या, डॉक्टर-नर्सना थँक यू म्हणायला. त्याच सुमारास लोकल बंद पडल्या. आमचं घर ट्रॅकपासून दोन गल्ल्या आत आहे. ज्या घरघरीकडे आमचं कधी लक्षच नव्हतं, ती थांबली तेव्हा रात्री झोप येईना. बोरिवलीला नॅशनल पार्कजवळ राहणारी माझी मावशी फोनवर पक्ष्यांची नावं सांगायची. दयाळ, तांबट, कोकीळ. (आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण 'कुहू' करणारा नर असतो!) पहिले आठ दिवस छान वाटलं. नंतर तीच म्हणाली, "पक्षी गोड गातात गं, पण भाजीवाल्याची आरोळी नाही, शाळेची घंटा नाही. भीती वाटते."

१५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल पुन्हा सुरू झाली. खालच्या पट्टीतला तो गडगडाट बाबांना मशीनशिवायही ऐकू आला. ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, "गाडी आली." बस, एवढंच.

बाबांना आवाज जाण्याचा अर्थ आधीपासून माहीत होता. ते परळच्या चाळीत वाढले. आजोबा गिरणीत. गिरणीचा भोंगा झाला की घड्याळ न बघता अख्खी चाळ हलायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे गप्प झाले. बाबा सांगतात, पहिल्या दिवशी सकाळी आजोबा नेहमीच्या वेळी उठून बसले होते आणि खिडकीकडे कान देऊन वाट बघत होते. आवाज जातो तेव्हा नुसता आवाज जात नाही. त्याच्यामागची माणसं कुठे गेली, हे विचारावं लागतं.

पंधरा हजारांची ठेव

आता थोडं आपल्या स्वतःच्या कानांबद्दल. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करून मेंदूकडे पाठवायचं काम त्यांचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही ठेव एकदाच मिळते. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. बाबांची ठेव वयाने कमी झाली. आपली आपण इअरफोनने उडवतोय.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब साधा आहे. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. १०० असेल तर आठवड्यात २० मिनिटं! आता लोकलच्या खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून आपण व्हॉल्यूम कुठवर नेतो, ते आठवा. याच संघटनेच्या अंदाजाने जगातले शंभर कोटींहून जास्त तरुण या सवयीमुळे धोक्यात आहेत. म्हणजे स आणि फ गळायला साठी गाठावी लागेलच असं नाही.

तर या आठवड्यात एवढं करून बघा.

रोज एक प्रवास इअरफोनशिवाय. येताना किंवा जाताना, कुठलाही. फार नाही, सुरुवातीला तीन स्टेशनं चालतील.

रोज तीनच आवाज लिहा, पण रकाने पाचही ठेवा. 'कुणाचा' रिकामा सोडायचा नाही. माहीत नसेल तर विचारायचं. वॉचमनला, लिफ्टमनला, ऑफिसात सकाळी आपल्याआधी येऊन चहाचे कप लावणाऱ्या मावशींना.

घरातला एक आवाज रोज हवाच. आपण बाहेरच्यांचे आभार पटकन मानतो, घरातले आवाज मात्र सगळ्यात आधी दुर्लक्षाच्या खात्यात जातात.

घरात कुणी 'पुटपुटू नका' म्हणायला लागलं असेल, तर वाद न घालता टेस्ट करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. चष्मा लागला तर आपण लाजत नाही, मग कानाच्या मशीनची लाज कसली?

बाबांची पहिली वही भरली. दुसरी चालू आहे. मशीनची आता त्यांना छान सवय झालीय, पण झोपताना ते काढून डबीत ठेवायचं असतं, बाईंनी तसं सांगितलंय. बाबा साडेदहाला आडवे होतात. आमच्या प्रोजेक्टची डेडलाइन असली की मला घरी यायला साडेअकरा-बारा होतात. मशीन नव्हतं तेव्हा बाबा अशा रात्री हॉलमध्ये दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहायचे. मी म्हणायचे, "बाबा, झोपा ना, माझ्याकडे चावी आहे." ते म्हणायचे, "झोप येत नाही." आवाजाने कळणार नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघत बसायचे, हे मला वही वाचली तेव्हा समजलं. दुसऱ्या वहीच्या तिसऱ्या पानावर नोंद आहे:

"४१२. रात्री ११.४०. लॅचमध्ये चावी फिरल्याचा आवाज. कुणाचा: पोरगी आली. शेरा: आता मशीन काढायला हरकत नाही."

आज रात्री घरी जाल तेव्हा दार जरा हळू उघडू नका. नेहमीसारखंच उघडा. आत कुणीतरी त्या आवाजाची वाट बघत असेल.